चिपळुणात राहायला जायचंय. पर्यटकाचं नको, राहणाऱ्याचं चिपळूण सांगा

कल्याण_स्लो

नमस्कार मंडळी. नवऱ्याला लोटे एमआयडीसीत नोकरी लागली आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत बिऱ्हाड हलवायचं आहे. मुलगी पाचवीत जाईल, मुलगा अजून बालवाडीचा, सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे आणि त्यांचं बीपी. आम्ही दोघंही मूळचे नाशिककडचे, सध्या कल्याणला. कोकणात आमचं कुणीही नाही.

नवरा म्हणतो लोट्याच्या आसपास राहू, मी म्हणते चिपळूण. नेटवर शोधलं की परशुरामाचं मंदिर, गोवळकोट, मगरी दाखवणारी बोट, "निसर्गरम्य" हा शब्द आणि पुराचे व्हिडिओ एवढंच येतं. या सगळ्याच्या मधलं काही सापडत नाही. भाजी, डॉक्टर, शाळा, पाऊस, शेजारी असलं रोजचं सांगा. आणि हात जोडून विनंती, "स्वर्ग आहे हो" असं कुणी लिहू नका.

पागेवरचा

जागा कुठे बघताय आणि कितवा मजला? बाकीचं मागाहून.

कल्याण_स्लो

एक बाजारपेठेजवळ आहे. पहिला मजला, शाळा चालत जाण्यासारखी. दलाल म्हणाला, "मॅडम, इथे पाणी येत नाही."

पागेवरचा

त्याला विचारा, कुठल्या साली आलं नाही.

दुकान_आणि_माळा

ताई, आमचं दुकान बाजारपेठेत, आजोबांपासूनचं. घाबरवायचा हेतू नाही, पण विचारलंच आहे तर नीट सांगतो.

२६ जुलै २००५ ला पाणी आलं तेव्हा वडिलांनी दुकानाच्या भिंतीवर रेघ मारून ठेवली. पुढे दुकान नव्याने केलं तेव्हा फळ्या, फ्रीज, इन्व्हर्टर सगळं त्या रेघेच्या वर बसवलं. गावात बहुतेकांनी असंच केलं, कुणी जोतं उचललं, कुणी माळा मोठा केला. २२ जुलै २०२१ ला पाणी त्या रेघेच्या कितीतरी वर गेलं. बाजारपेठ, चिंचनाका, वडनाका, मुरादपूर, शंकरवाडी, पेठमाप, तिकडे खेर्डी. वीज गेली, मोबाइल बंद पडले. आम्ही वरच्या मजल्यावर होतो आणि समोरच्या गच्चीवरच्या माणसाशी ओरडून बोलत होतो.

टीव्हीवर पाणी दिसलं. ओसरल्यावर काय असतं ते कमी दिसलं. गुडघाभर चिखल, त्यात डिझेल, सडलेलं धान्य, कपड्यांचे तागे, औषधं. विमावाला विचारतो, माल किती होता? बिलबुकं चिखलात. ज्यांचं बिलिंग कॉम्प्युटरवर होतं त्यांचा कॉम्प्युटरही चिखलात. घाटावरून, मुंबई-ठाण्याकडून माणसं फावडी, झाडू, पाण्याचे कॅन घेऊन आली. ज्यांचं नावही माहीत नाही अशा पोरांनी आमचं दुकान धुतलं. हे सांगताना आजही वडिलांचा आवाज बदलतो.

आता पद्धत बसली आहे. मे अखेरीला जड माल माळ्यावर जातो. पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी गावात मुक्कामाला असते. वाशिष्ठीची पातळी ग्रुपवर येत राहते. पाच मीटर म्हणजे इशारा, सात म्हणजे धोका. त्याच्या शेजारी दुसरा आकडा बघायचा तो भरतीच्या वेळेचा. पाऊस जोरात आणि त्याच वेळी मोठी भरती असेल तर पाण्याला खाली जायला वाट नसते. पातळी पाच मीटर झाली की लोक गाड्या चढावर नेऊन लावतात, संध्याकाळी परत आणतात. बहुतेक वेळा काहीच होत नाही. पण त्या रात्री कुणी गाढ झोपतही नाही.

म्हणून पागेवरच्यांनी मजला आधी विचारला. इथे पत्ता सांगताना आळीइतकाच मजलाही सांगावा लागतो.

कल्याण_स्लो

बापरे. मग लोक तिथे राहतात तरी का?

दुकान_आणि_माळा

कारण गिऱ्हाईक तिथेच येतं. चिपळूण तालुका, गुहागरचा अर्धा भाग, खेडचा काही, सगळे आमच्याकडेच खरेदीला. लग्नाचा बस्ता, शेतीची औषधं, वह्या-पुस्तकं, भांडी. दुकान डोंगरावर नेलं तर दुकान उरेल, धंदा उरणार नाही.

मास्तर_निवृत्त

पुराचं कारण अर्धवट समजून घेऊन लोक बोलतात म्हणून थोडा भूगोल. जुनी सवय, माफ करा.

वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरते आणि दाभोळजवळ समुद्राला मिळते. एवढी छोटी नदी उन्हाळ्यात आटायला हवी. तालुक्यातले बाकीचे ओढे आटतातच. वाशिष्ठी मात्र मे महिन्यातही वाहते, कारण तिच्यात कोयनेचं पाणी येतं. कोयना मुळात कृष्णेकडे, म्हणजे पूर्वेला जाणारी नदी. धरणाच्या शिवसागर जलाशयातून बोगद्यांनी ते पाणी डोंगराच्या या अंगाला आणलं, पोफळी आणि अलोऱ्याला त्याच्यावर वीज केली आणि पुढे ते वाशिष्ठीत सोडलं. प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट, वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायचा वार्षिक वाटा ६७.५ टीएमसी. मधे कोळकेवाडीचं धरण.

आता गंमत पाहा. गावाजवळून बारमाही पाणी वाहतं, आणि याच तालुक्यातल्या डोंगरावरच्या धनगरवाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. वीज आमच्या उशाशी तयार होते आणि जूनच्या पहिल्या वाऱ्याला आमच्याच घरची जाते.

घाट_उतार

मास्तर, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

पण खरं बोला, २०२१ ला कोळकेवाडीतून पाणी सोडलं म्हणूनच बुडालो की नाही?

मास्तर_निवृत्त

लोकांचं ठाम मत तसं आहे. जलसंपदा खात्याचं म्हणणं, पाऊसच अफाट होता. मी स्वतः एका कारणावर बोट ठेवणार नाही. वाशिष्ठीच्या आणि गावातून जाणाऱ्या शिवनदीच्या पात्रात साचलेला गाळ, मधली बेटं, पात्राला चिकटलेली बांधकामं, भरती, पाऊस, वरून येणारं पाणी, सगळ्यांची बेरीज आहे. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूण बचाव समितीने उपोषण केलं ते गाळ काढण्यासाठी. त्यानंतर कामाला वेग आला, नाम फाउंडेशननेही यंत्रं लावली. गावाने स्वतः रस्त्यावर बसून मिळवलेली गोष्ट आहे ती.

स्वप्ननगरी_प्रॉपर्टीज

सारखं पूर पूर करून गावाची बदनामी करू नका. पूर कुठे येत नाही? सांगलीत येतो, मुंबईत येतो. उत्तम हवामान, रेल्वे, हायवे, शिक्षण, सर्व सोयी. पुराच्या निळ्या-लाल रेषा कागदावरच्या आहेत. इच्छुकांनी संपर्क करावा

पागेवरचा

निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. २००५ आणि २०२१ मध्ये सोळा वर्षं. कागदाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

संपादक मंडळ

जाहिरातीचा क्रमांक काढून टाकला आहे. मूळ विषयावर या.

लोटे_बी_शिफ्ट

वहिनी, तुमच्या मिस्टरांसारखा मी रोज जातो-येतो, म्हणून हे वाचा.

चिपळूण ते लोटे लांब नाही, पण मधे वाशिष्ठीचा पूल आणि परशुराम घाट आहे. २०२१ ला जुन्या पुलाचा भाग खचला आणि आम्ही अक्षरशः नदीच्या अल्याड अडकलो. २०२२ च्या उन्हाळ्यात चौपदरीकरणासाठी घाट दुपारचे काही तास बंद ठेवायचे. तेव्हा कळंबस्ते-आंबडस-चिरणी मार्गे छोट्या गाड्या जायच्या, त्या रस्त्याने माझं कंबरडं ओळखीचं करून घेतलं. मुंबई-गोवा हायवेचं काम किती वर्षं चाललंय हा विषय इथे काढू नका, धागा भरून जाईल. बहादूरशेख नाक्याजवळ उड्डाणपुलाचे गर्डर १६ ऑक्टोबर २०२३ ला कोसळले, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच आहे.

तरीही राहायला चिपळूणच. लोट्याला कारखाने आहेत, ट्रक आहेत, आणि वारा फिरला की वासही आहे. मुलांना खेळायला, सासूबाईंना देवळात जायला, तुम्हाला चार बायकांशी बोलायला चिपळूण बरं. कंपनीची बस असेल तर ती कुठे थांबते ते आधी विचारा आणि घर त्या थांब्याच्या जवळ बघा. नाईट करून सकाळी उतरल्यावर पावसात रिक्षा शोधायची ताकद नसते.

वऱ्हाडी_सून

मी अकोल्याची. लग्न होऊन चिपळुणात आले. ताई, तुमच्यासारखंच माझं इथे कुणी नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी पाऊस. आमच्याकडे पाऊस येतो आणि जातो. इथे जूनमध्ये येतो आणि मुक्कामच करतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, असं सासरे पहिल्याच जेवणाला अभिमानाने म्हणाले होते. मला वाटलं आकडा आहे. मग कळलं की तो कपाटात असतो. चामड्याचा पट्टा हिरवा होतो. मीठ पाणी सोडतं. काड्यापेटी पेटत नाही. लग्नातल्या साड्यांना वास. सासूबाईंनी कपाटात छोटा बल्ब लावून ठेवायला शिकवलं, डाळी-रवा मेमध्येच उन्हं दाखवून घट्ट डब्यात. हॉलमध्ये आडव्या दोऱ्या, त्यावर चार दिवस तेच कपडे. पाहुणे आले तरी कुणी काढत नाही, कारण त्यांच्या घरीही दोऱ्याच असतात. ऑगस्टमध्ये मला रडू यायचं. कारण काही नाही, नुसता उजेड नसायचा. कुणाला सांगितलं नाही. एकदा शेजारच्या काकू आपणहून म्हणाल्या, "होतं हो बाहेरून आलेल्यांना. दहीकाला झाला की उघडतं बघ." उघडलं काही नाही, पण बरं वाटलं.

आता माणसं. इथे तुम्हाला कुणी नाव विचारत नाही, "कुणाची?" विचारतात. मेडिकलमधून मी एक किट घेतलं आणि संध्याकाळी माझ्या आधी सासूबाईंच्या मैत्रिणीला संशय आला होता. फार राग आला. त्याच मेडिकलवाल्याने पुढे मुलाला रात्री ताप चढला तेव्हा शटर उघडून औषध दिलं, पैसे "सावकाश" म्हणाला. हे दोन्ही एकाच माणसाने केलं आणि एकाच कारणाने केलं, आम्ही कुणाची ते त्याला ठाऊक होतं. मला अजून ठरवता आलेलं नाही की मला हे आवडतं की नाही. काही दिवस पुण्याला बहिणीकडे गेले की कुणी ओळखत नाही याचा आनंद होतो. चौथ्या दिवशी नको वाटतं.

तुमचं "कुणाची?" ला उत्तर नसेल, तर पहिलं वर्ष जरा कोरडं जाईल. भाडेकरूंशी लोक चांगलं वागतात पण अंतर ठेवून, कारण लोट्याची माणसं येतात आणि बदली झाली की जातात. मुलगी शाळेत जायला लागली की तुम्ही "अमक्याच्या वर्गातल्या तिची आई" व्हाल. तिथून सुरुवात होते.

कल्याण_स्लो

वऱ्हाडी सून, तुमचं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला पट्टे घरीच ठेवू. सासूबाई म्हणाल्या, मेडिकलवाला चांगला दिसतो.

खाडीकाठ

ताई, मी गोवळकोटकडचा. बरीच वर्षं कुवेतला होतो, आता परतलो. आमच्याकडे घरटी एक जण आखातात असायचाच, अजूनही आहेत.

मासळीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बाजारात दाभोळ, गुहागर, हर्णैचा समुद्राचा माल येतो, आणि खाडीचा वेगळा. कोळंबी, बोय, काळुंदर, खेकडे, मुळे. भाव विचारून लगेच घेऊ नका, एक फेरी मारा. मात्र मासेवालीशी एकदा जमलं की ती तुमच्यासाठी बाजूला ठेवते. खाडीचा माल आता पूर्वीसारखा नाही, हे कुठल्याही भोयाला विचारा. कारखान्यांच्या सांडपाण्याने मासे मरतात ही दाभोळ खाडीच्या लोकांची तक्रार फार जुनी आहे. तुमचे मिस्टर तिथेच नोकरीला, म्हणून बोलू नये असं नाही. माझा पुतण्याही तिथेच आहे. ज्या हाताने जेवतो त्याच हाताने तक्रार लिहितो, दुसरा हात आणायचा कुठून?

पुराच्या दिवशी आमच्याकडच्या होड्या गावात फिरल्या. कोण कुणाचा ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून परत विचारायला लागले, ते सोडा.

शिमग्याला मात्र इथे असा. गोवळकोट-पेठमापची करंजेश्वरीची पालखी आणि शेरणे बघायला मुंबईहून माणूस रजा टाकून येतो. जमिनीत पुरलेला नारळ पालखीने शोधून काढायचा. मी लहानपणापासून गर्दीत उभा राहून बघतो. अलीकडे दोन-तीन वर्षं रमजान आणि शिमगा जवळजवळ आले, तर संध्याकाळी इफ्तारीची भजी आणि पालखीचे ढोल दोन्ही एकाच रस्त्यावर.

चिंचनाका_सिग्नल

मगरीचं कुणी सांगितलं नाही का बाईंना? जून २०२४ च्या शेवटी भर पावसात रात्री चिंचनाक्याजवळ रस्त्यावरून चालली होती, रिक्षावाल्याने व्हिडिओ काढला. रिक्षा पण मिळत नव्हती तिला.

कल्याण_स्लो

हे मुलाला सांगितलं. आता तो म्हणतो चिपळूणच.

परतलेला_एक

मी चिपळूणचाच, डीबीजे कॉलेजचा. पुण्यात आयटीत होतो, आता घरून काम करतो. नेट चांगलं आहे, वीज गेली की नाही. इन्व्हर्टर मोठा घ्या.

सगळे पुराबद्दल आणि पावसाबद्दल लिहितायत. माझ्या मते या गावाची मोठी अडचण दुसरी आहे. बारावी झाली की मुलं जातात आणि परत येत नाहीत. इंजिनीअरिंग पुणे, नोकरी पुणे, लग्न पुणे. आमच्या सोसायटीत निम्मे फ्लॅट गणपतीत आणि मेमध्ये उघडतात. उरलेल्यांत आई-वडील. मी इथे आहे हे कळल्यावर मला फोन येऊ लागले, बंगलोरहून, जर्मनीहून. "आई फोन उचलत नाहीये, जरा बघतोस?" मी जाऊन बघतो. बहुतेक वेळा फोन दुसऱ्या खोलीत असतो आणि काकू टीव्ही बघत असतात. मग त्या चहा करतात आणि मुलाची तक्रार मला सांगतात. कुणाचा सिलिंडर, कुणाचा रिमोट, कुणाचं बँकेचं ओटीपी. मी एकटा सगळ्या सोसायटीचा मुलगा झालो आहे आणि माझ्या मीटिंगमध्ये "एक मिनिट" म्हणून उठणं आता टीमला सवयीचं आहे. तक्रार नाही. पण माझ्या वयाची माणसं हवी होती. संध्याकाळी फिरायला बरोबर कुणी पन्नाशीच्या आतलं नाही.

ताई, तुमच्यासारखी मुलंबाळं घेऊन येणारी घरं गावाला हवी आहेत. स्वार्थाने सांगतोय.

घाट_उतार

रेल्वेचं लिहितो. स्टेशन गावाबाहेर वालोप्याला, रिक्षा लागते. कोकणकन्या, मांडवी, तुतारी थांबतात. तिकीट गणपतीत मिळेल असं धरून चालू नका. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरला जायची, करोनानंतर दिव्यापर्यंतच. म्हणजे तुम्ही कल्याणच्या, तुमची सोय झाली, दादरवाल्यांची गेली. चिपळूण-कऱ्हाड रेल्वेची घोषणा ऐकत आमचे केस पांढरे झाले.

भाजी घाटावरून येते, पाटण-कऱ्हाडकडून कुंभार्ली घाट उतरून. घाटात दरड आली की त्या दिवशी कोथिंबिरीचा भाव विचारू नये.

मास्तर_निवृत्त

सासूबाईंच्या तब्येतीचं राहिलं. साध्या दुखण्याला गावात डॉक्टर भरपूर. सरकारी उपजिल्हा रुग्णालय कामथ्याला, मोठं म्हणजे डेरवणचं वालावलकर रुग्णालय. त्याच्या पलीकडचं काही असेल तर बहुतेक लोक कुंभार्ली चढून कऱ्हाडला नेतात. रात्रीचं धुकं आणि घाट, हा प्रवास प्रत्येक घरात कुणीतरी केलेला आहे. हृदयाचा त्रास असेल तर आधी तिथल्या डॉक्टरांशी बोलून फाइल एकदा दाखवून ठेवा. वेळ आल्यावर ओळख करून घेऊ नये.

आणि मुलीसाठी वाचनालय. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ पासूनचं. २००५ ला हजारो पुस्तकं गेली, परत जमवली, २०२१ ला पुन्हा गेली, पुन्हा जमवली. जानेवारी २०१३ मध्ये ८६ वं अखिल भारतीय साहित्य संमेलन इथे पवन तलाव मैदानावर झालं, अध्यक्ष नागनाथ कोत्तापल्ले, आणि यजमान हेच वाचनालय. पूर येऊन गेलेल्या गावातल्या वाचनालयाने संमेलन भरवणं सोपं नव्हतं. मुलीचं नाव तिथे पहिल्याच महिन्यात घाला.

वऱ्हाडी_सून

मास्तर म्हणतात ते खरंच करा. पावसाळ्यात माझं डोकं ठिकाणावर राहिलं ते त्या पुस्तकांमुळे.

कल्याण_स्लो

रविवारी जाऊन आलो. सगळ्यांचं वाचून गेल्यामुळे दलाल जरा दचकला.

बाजारपेठेजवळची जागा बघितली. जिन्यात पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे भिंतीचा रंग एका ठिकाणी बदललेला आहे. मी बोट दाखवलं तर तो म्हणाला, "ओल आहे, मॅडम." दुसरी जागा पाग भागाच्या वरच्या अंगाला. तिसरा मजला, लिफ्ट आहे, चढ दमवणारा. सासूबाईंना चढ जमणार नाही, पण बाल्कनीतून खालचं सगळं गाव दिसतं हे त्यांना फार आवडलं. मालकीणबाई तळमजल्यावर एकट्या राहतात, दोन्ही मुलगे बाहेर. त्यांनी चहा दिला आणि पहिलाच प्रश्न, "तुम्ही कुणाच्या ओळखीने आलात?" मी काय सांगणार! म्हटलं, नेटवर काही लोक आहेत. त्या म्हणाल्या, "कोण कोण?"

परतलेला_एक

मालकीणबाई कुठल्या आळीला म्हणालात? मला वाटतं मी त्यांचा रिमोट दुरुस्त केला आहे.

कल्याण_स्लो

😂 व्यनि करते.

पागेवरचा

तिसरा मजला, वरचा अंग, घ्या. फक्त दोन गोष्टी बघा. पाण्याची मोटर आणि विजेचे मीटर कुठे आहेत? चढावर असलं तरी डोंगरावरून येणारं पाणी काही इमारतींच्या तळात शिरतं, मीटर भिजले की तिसऱ्या मजल्यावरही अंधार. आणि इमारतीमागे डोंगर कापलेला आहे का, असेल तर भिंत बांधली आहे की नुसती माती? पावसाळ्यात ती माती बघून घर घ्यायला हवं होतं, पण आता एप्रिलमध्ये तुम्हाला कोरडीच दिसणार. शेजाऱ्यांना विचारा, जुलैत तिथून लाल पाणी येतं का.

कल्याण_स्लो

मागे चिऱ्याची भिंत आहे. मीटर बघितले नाहीत, मालकीणबाईंना आज फोन करून विचारते. भाडं बाजारपेठेतल्या जागेपेक्षा जास्त आहे, नवरा अजून कुरकुरतोय.

लोटे_बी_शिफ्ट

मिस्टरांना म्हणावं, जास्तीचं भाडं म्हणजे रात्री झोपायचे पैसे. बस थांबा खाली बहादूरशेख नाक्याला असेल तर त्यांना दुचाकी लागेल, उतार आहे, पावसात ब्रेक सांभाळून.

दुकान_आणि_माळा

सामान मेच्या मध्यापर्यंत आणा. जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रकवाले घाटाचं कारण सांगून जादा पैसे मागतात. गाद्या, पुस्तकं आणि लाकडी कपाट पहिल्या खेपेत, प्लॅस्टिकचं काहीही नंतर आलं तरी चालेल. कपाट भिंतीपासून चार बोटं सोडून लावा. दोऱ्या आणि बल्ब माझ्या दुकानात मिळतात, पण ते सांगितलं तर संपादक क्रमांक काढतील.

संपादक मंडळ

दोऱ्या चालतील.